आधी न्याय की आधी निष्ठा? : जपानच्या सामुराईंची शिकवण आणि बायकांचा प्रश्न

(सामुदायिक रेडिओवरून दिलेले भाषण)



आज जरा लांबच्या देशाबद्दल बोलणार आहे, जपानबद्दल. तुम्ही म्हणाल, ताई, आमचे हप्ते, आमची कर्जं, आमच्या शेळ्या-कोंबड्या सोडून हे काय मधेच? पण ऐका तर खरं. शेवटी आपण आपल्याच सतरंजीवर येऊन बसणार आहोत.

सामुराई हा शब्द आता आपल्या घरात पोचला आहे. मुलं मोबाइलवर चित्रपट बघतात, त्यात लांब तलवार घेतलेला, केसांची गाठ बांधलेला माणूस असतो, तो सामुराई. व्हॉट्सअ‍ॅपवर सुविचार फिरतात, त्यातही सामुराईंचे सात गुण असतात. धैर्य, सचोटी, निष्ठा वगैरे. खाली लिहिलेलं असतं, ही जपानची हजारो वर्षांची परंपरा.

परंपरा म्हटलं की आपण हात जोडतो. पण मी बी.ए.ला असताना इतिहास शिकवणाऱ्या बाई एक गोष्ट सांगायच्या. परंपरा म्हणजे आजीची पेटी. पेटीत शंभर वस्तू असतात. त्यातली कुठली काढून वर ठेवायची, कुठली तळाशी दडपायची, हे पेटी ठरवत नाही, पेटी उघडणारा ठरवतो. सामुराईंच्या शिकवणीचं अगदी असंच झालं. ती पेटी कोणी उघडली, काय बाहेर काढलं आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे आज बघू.

सामुराई म्हणजे कोण?

सामुराई म्हणजे जपानमधले लढवय्ये. आपल्याकडे सरदार आणि शिलेदार असत तसे. साधारण बाराव्या शतकाच्या शेवटापासून देशाचा कारभार या लढवय्यांच्या हातात गेला. सम्राट होता, पण खरी सत्ता त्यांच्या सेनापतीकडे. आधी लढाया खूप झाल्या. मग १६०३ साली तोकुगावा घराण्याचं राज्य आलं आणि ते १८६८ पर्यंत टिकलं. या अडीचशे वर्षांत देशात मोठी लढाई जवळजवळ झालीच नाही.

आता गंमत बघा. लढाई नाही, पण लढवय्ये आहेत. त्यांना पगार मिळायचा तो तांदळात. त्याचं माप होतं कोकु. एक कोकु म्हणजे साधारण दीडशे किलो तांदूळ, एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा. हा तांदूळ पिकवायचा कोणी? शेतकऱ्यांनी. चिखलात उभं राहून लावणी कोणी करायची? शेतकऱ्यांच्या बायकांनी.

हा प्रश्न त्या काळच्या एका विचारवंताला टोचला. त्यांचं नाव यामागा सोको, जन्म १६२२, मृत्यू १६८५. ते स्वतः सामुराई होते. त्यांनी विचारलं, शेतकरी धान्य पिकवतो, कारागीर वस्तू बनवतो, व्यापारी देवघेव करतो. सामुराई यातलं काहीच करत नाही आणि तरी जेवतो. मग त्याचं काम काय? त्यांचं उत्तर असं होतं, की सामुराईनं नीतीनं वागून दाखवायचं, म्हणजे बाकीच्यांना ते बघून शिकता येईल. ज्याला फुकट खायला मिळतं त्यानं निदान चारित्र्यानं त्याची परतफेड करावी.

थोड्याच वर्षांनी दुसरं एक पुस्तक तयार झालं, हागाकुरे. यामामोतो त्सुनेतोमो नावाच्या निवृत्त सामुराईनं सांगितलं आणि एका तरुणानं लिहून घेतलं. ते १७१६ च्या सुमारास पूर्ण झालं. त्यात सांगितलं होतं, की सामुराईनं मरण रोज डोळ्यांसमोर ठेवावं आणि धन्यासाठी मरताना हिशेब करत बसू नये. हे सांगणारा माणूस स्वतः कधी रणांगणावर लढला नव्हता. त्याच्या जन्माआधीच लढाया संपल्या होत्या.

म्हणजे एकाच शतकात दोन सामुराई दोन गोष्टी सांगतात. एक म्हणतो, नीतीनं जग. दुसरा म्हणतो, धन्यासाठी मर. सगळ्या सामुराईंसाठी छापलेलं असं एकच नियमांचं पुस्तक कधीच नव्हतं. बुशिदो, म्हणजे लढवय्याचा मार्ग, हा शब्दसुद्धा त्या काळात आजच्याइतका लोकांच्या तोंडी नव्हता. तो घरोघरी पोचला सामुराई संपल्यावर.

सामुराई गेले, शिकवण छापून आली

१८६८ साली राज्य बदललं. सम्राटाच्या नावानं नवं सरकार आलं. त्याला रेल्वे हवी होती, शाळा हव्या होत्या, कारखाने हवे होते. १८७३ साली सक्तीची लष्करभरती सुरू झाली, म्हणजे शेतकऱ्याचा मुलगाही सैनिक. लढणं ही आता एका जातीची मक्तेदारी राहिली नाही. १८७६ साली सामुराईंची तलवार बाळगण्याची मुभा गेली आणि तांदळाचा पगारही बंद झाला. त्याबदली सरकारी रोखे दिले. अनेकांनी ते विकून धंदे काढले आणि बुडाले, कारण पैसे मोजणं हे हलकं काम असं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं.

त्या वेळी इनाझो नितोबे चौदा वर्षांचे होते. सामुराई घरातला मुलगा, जन्म १८६२. पुढे ते शेतीशास्त्र शिकले. ख्रिस्ती झाले. अमेरिकेत शिकायला गेले आणि तिथल्याच मेरी नावाच्या मुलीशी लग्न केलं. एकदा बेल्जियमच्या एका प्राध्यापकांनी त्यांना विचारलं, तुमच्या शाळांत धर्म शिकवत नाहीत, मग मुलांना नीती कशी शिकवता? नितोबेंना पटकन उत्तर सुचलं नाही. घरी मेरीही विचारायची, तुमच्याकडे असं का करतात, तसं का करतात? ते पुढे अमेरिकेत आजारपणातून उठत असताना त्यांनी उत्तर लिहून काढलं. बुशिदो हे त्यांचं पुस्तक १९०० साली प्रसिद्ध झालं. जपानी माणसानं जपानबद्दल लिहिलेलं हे पुस्तक इंग्रजीत होतं. वाचणारे परदेशी होते. जपानीत भाषांतर नंतर आलं.

त्यांनी पेटीतून काय काढलं? बौद्ध धर्मातून घेतली मनाची शांतता, येईल त्याला स्थिर मनानं सामोरं जाणं. बौद्ध विचार आपल्याच भूमीतून चीन, कोरिया करत तिकडे गेलेला. जपानच्या जुन्या शिंतो धर्मातून घेतला पूर्वजांबद्दल आणि मातीबद्दल आदर. आणि चीनच्या कन्फ्यूशियस आणि मेन्शियस या आचार्यांकडून घेतली नात्यांमधली कर्तव्यं आणि न्यायाची कल्पना.

या सगळ्यातून त्यांनी गुणांची रांग लावली. आता या रांगेकडे नीट लक्ष द्या, कारण माझं आजचं सगळं बोलणं या रांगेवरच आहे. पहिला न्याय. दुसरं धैर्य. तिसरी दया. चौथी सभ्यता. पाचवी सचोटी. सहावी अब्रू. आणि सातवी निष्ठा.

न्याय सगळ्यांत आधी आणि निष्ठा सगळ्यांच्या मागून. निष्ठा लिहिताना तर त्यांनी स्पष्ट म्हटलं, की धन्यापुढे आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकणाऱ्याला सामुराई मान देत नसत, त्याला हांजी-हांजी करणारा म्हणत. धनी चुकत असेल तर त्याला चूक दाखवणं, हीच खरी निष्ठा.

गिरी : लोक काय म्हणतील?

नितोबेंनी एका जपानी शब्दाबद्दल फार मोलाचं लिहिलं आहे. तो शब्द गिरी. आपल्या दादागिरीशी त्याचा काही संबंध नाही बरं का! गिरी म्हणजे मुळात योग्य कारण, न्याय्य कर्तव्य. आईवडिलांवर कधी प्रेम कमी पडलं, तरी त्यांना सांभाळणं योग्य आहे म्हणून सांभाळायचं, ही गिरी. इथपर्यंत बरं आहे.

पण पुढे या शब्दाचा अर्थ घसरला. जग काय म्हणेल, या भीतीपोटी करायचं ते म्हणजे गिरी, असं झालं. नितोबेंनी उदाहरणं दिली ती वाचून अंगावर काटा येतो. थोरल्या मुलाला वाचवण्यासाठी आईनं बाकीच्या लेकरांचा बळी का द्यायचा? बापानं चैनीत उधळलेलं कर्ज फेडायला मुलीनं स्वतःचं शरीर का विकायचं? तर म्हणे गिरी. न्यायाच्या नावाखाली अन्याय लपवायला हा शब्द वापरला गेला, असं त्यांनी लिहिलं आहे.

बघा, दोन्ही उदाहरणांत किंमत कोण मोजतं? आई आणि मुलगी. कर्तव्य हा शब्द घसरला की पहिला पाय बाईचा घसरतो.

तरी नितोबेसुद्धा त्यांच्या काळाचेच होते. निष्ठेच्या प्रकरणात त्यांनी एक जुनी गोष्ट कौतुकानं सांगितली आहे. ती १७४६ सालच्या एका प्रसिद्ध नाटकातली. शत्रूला एका सरदाराच्या लहान मुलाचं डोकं हवं असतं. तो मुलगा गावातल्या शाळेत लपलेला असतो. त्याच्याऐवजी दुसऱ्या मुलाचं डोकं द्यायचं ठरतं. हा दुसरा मुलगा ज्याचा, त्यानं स्वतःच त्याला मुद्दाम शाळेत पाठवलेलं असतं, जुन्या धन्याचं ऋण फेडायला. मुलाला शाळेत सोडायला जाते ती त्याची आई. तिला सगळं माहीत असतं. संध्याकाळी नवरा घरी येतो आणि सांगतो, आनंद कर, आपला मुलगा कामी आला.

ऐकताना आपल्याला चिलया बाळाची आणि चांगुणेची गोष्ट आठवते. पण आपल्या गोष्टीत शेवटी बाळ परत येतो. त्या जपानी आईचा मुलगा परत येत नाही. आणि तिला काय वाटलं, हे धन्यानं विचारलंही नव्हतं.

रांग उलटी लागली

आता दुसरी बाजू. नितोबेंच्या पुस्तकाच्या अठरा वर्षं आधी, १८८२ साली, सम्राटाच्या नावानं सैनिकांसाठी एक आज्ञापत्र निघालं होतं. त्यात पाच सूत्रं होती. आपल्या बचत गटाची पंचसूत्री असते ना, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नीट हिशेब, तशी सैनिकांची पंचसूत्री. पहिलं सूत्र निष्ठा. मग वरिष्ठांशी अदबीनं वागणं. मग शौर्य. मग सचोटी. मग साधेपणा.

गुण जवळजवळ तेच. पण रांग उलटी. निष्ठा एक नंबरला. न्याय हे वेगळं सूत्रच नाही, सचोटीच्या पोटात कुठेतरी मावलेला. सैनिकांना ते आज्ञापत्र पाठ करावं लागे. १८९० साली शाळांसाठीही तसंच एक आज्ञापत्र निघालं आणि देशासाठी वेळ पडली तर स्वतःला वाहून घ्यायचं, हे मुलांच्या कानांवर पडू लागलं.

मग इनोउए तेत्सुजिरो नावाचे तत्त्वज्ञानाचे मोठे प्राध्यापक पुढे आले. त्यांनी जुन्या लेखनातून वेचे निवडून ग्रंथ छापले आणि बुशिदो म्हणजे सम्राटाशी संपूर्ण निष्ठा, असा अर्थ बसवला. जुना सामुराई आपल्या जवळच्या धन्याशी बांधलेला होता, त्याचा तांदूळ खात होता. आता शेतकऱ्याच्या, कोळ्याच्या, विणकराच्या मुलालाही सांगण्यात आलं, तू सामुराईच आहेस आणि सम्राट तुझा धनी. त्याच्या आज्यानं आयुष्यभर सामुराईंसाठी तांदूळ पिकवला होता. नातवाला तांदूळ नाही मिळाला, फक्त मरणाचं कर्तव्य मिळालं.

१८९४ मध्ये चीनशी युद्ध, १९०४ मध्ये रशियाशी युद्ध, १९३१ नंतर पुन्हा चीनवर चाल. प्रत्येक युद्धाबरोबर पेटीतून निष्ठा आणि मरण याच वस्तू वर येत गेल्या. ते हागाकुरे पुस्तक, जे फारसं कुणाला माहीत नव्हतं, ते आता गाजलं. १९४१ साली सैनिकांना हुकूम निघाला, की शत्रूच्या हाती जिवंत सापडण्याची लाज पत्करू नका. हुकूम सैनिकांसाठी होता, पण भीती सगळ्यांच्या मनात भरली होती. १९४४ साली सायपान बेटावर अमेरिकी सैन्य आलं, तेव्हा कित्येक जपानी बायकांनी लेकरांना घेऊन समुद्राच्या कड्यावरून उड्या टाकल्या.

बायकांच्या संघटनांचं काय झालं?

हा भाग आपण गटातल्या बायकांनी विशेष लक्ष देऊन ऐकावा. जपानमध्येही महिलांच्या मोठ्या संघटना होत्या. १९०१ साली देशभक्त महिलांची एक संघटना निघाली, तीत मोठ्या घरातल्या बायका. १९३२ साली ओसाका शहरात देशरक्षणासाठी महिलांची दुसरी संघटना सुरू झाली. हिच्यात साध्या घरातल्या बायका. त्यांचा गणवेश म्हणजे स्वयंपाकघरात घालतात तो पांढरा एप्रन. कोणालाही परवडेल असा. लाखो बायका आल्या.

का आल्या? घराबाहेर पडायला मिळत होतं. सासू नाही म्हणू शकत नव्हती, कारण देशाचं काम. चार बायका भेटत होत्या, बोलत होत्या. आपल्याला हे कळू शकतं. आपणही पहिल्यांदा घराबाहेर पडलो ते गटाच्या बैठकीसाठीच ना?

पण काम काय होतं? बंदरावर, स्टेशनवर जाऊन सैनिकांना चहा द्यायचा, झेंडे हलवायचे, युद्धाला निघालेल्याला हसून निरोप द्यायचा. रस्त्यात उभं राहून कापडाच्या पट्ट्यावर टाके गोळा करायचे. एक पट्टा, हजार बायका, प्रत्येकीचा एक टाका. तो पट्टा पोटाला बांधला की गोळी लागत नाही, अशी समजूत. आणि मुलगा गेल्याचा कागद घरी आला तर चारचौघांत रडायचं नाही. वीराच्या आईनं रडायचं नसतं.

त्या टाक्यांमध्ये माया खरी होती. संघटनाही खरी होती. पण आपल्या मुलांना कुठे आणि कशासाठी पाठवताहेत, हे विचारायचा अधिकार त्या संघटनेत कोणालाच नव्हता. संघटनेत निष्ठा होती, प्रश्न नव्हता. १९४२ साली सरकारनं सगळ्या महिला संघटना एकाच संघटनेत मिसळून टाकल्या.

नितोबेंचं पुढे काय झालं?

नितोबे १९२० ते १९२६ राष्ट्रसंघाचे उपमहासचिव होते, देशादेशांत शांतता राहावी म्हणून काम करणारी ती संस्था. १९३२ साली त्यांनी, लष्करवाले देशाला धोक्यात घालताहेत, असं म्हटलं आणि त्यांच्यावर टीकेचं मोहोळ उठलं, धमक्या आल्या. ज्या माणसानं सामुराईंची शिकवण जगाला सांगितली, त्यालाच देशद्रोही म्हणायला लोक तयार झाले. १९३३ साली कॅनडात त्यांचं निधन झालं.

त्यांचे एक विद्यार्थी होते यानाइहारा तादाओ, तोक्योच्या विद्यापीठात प्राध्यापक. युद्धाविरुद्ध लिहिलं म्हणून १९३७ साली त्यांना नोकरी सोडावी लागली. नोकरी गेल्यावर त्यांनी काय केलं? आपल्या गुरूचं बुशिदोचं पुस्तक जपानीत आणलं. १९३८ साली ते भाषांतर छापून आलं. एकीकडे बुशिदोच्या नावानं सैन्य चीनमध्ये शहरं जाळत होतं आणि दुसरीकडे त्याच नावाचं पुस्तक, न्यायाला पहिलं स्थान देणारं, एक काढून टाकलेला शिक्षक लोकांच्या हातात देत होता. युद्धानंतर हेच यानाइहारा त्या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले.

परंपरा तीच. एकानं तिच्यातून हुकूम काढला, दुसऱ्यानं तिच्यातूनच हुकमाला नाही म्हणायचं बळ काढलं.

सामुराईंच्या घरातल्या बाया

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. पुरुषांनी लिहिलेल्या पुस्तकांत सामुराईची बायको कशी असते? शांत, त्यागी, कमरेला छोटा खंजीर. बायकांसाठी त्या काळी एक उपदेशाचं पुस्तक घरोघर होतं. त्यात सांगितलेलं, की लहानपणी बापाचं, लग्नानंतर नवऱ्याचं, म्हातारपणी मुलाचं ऐकावं. आपल्याला हे नवीन नाही! नितोबेंनीही लिहिलं, बाई नवऱ्यासाठी झिजते, नवरा धन्यासाठी आणि धनी देवासाठी. पण त्यांनी एक खरी गोष्टही नोंदवून ठेवली. बायकांना सर्वांत कमी मोकळीक होती ती सामुराईंच्याच घरात. कारागिरांसारख्या साध्या घरांत नवरा-बायको जास्त बरोबरीनं वागत, कारण दोघं मिळून राबत.

मग एका बाईनं हीच पेटी उघडली. यामाकावा किकुए, जन्म १८९०. त्यांची आई मितो संस्थानातल्या सामुराई घरातली. आईनं सांगितलेल्या आठवणी किकुएंनी लिहून काढल्या आणि १९४३ साली, ऐन युद्धात, सामुराई घरातल्या बायकांवर पुस्तक काढलं. त्यात तलवारी कमी आणि चरखे जास्त आहेत. खालच्या दर्जाच्या सामुराईंचा तांदूळ घराला पुरत नसे. बायका सूत काततात, कापड विणतात, जुने कपडे उसवून पुन्हा शिवतात. घराची अब्रू टिकायची ती बायकांच्या सुतावर.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. १८६४ च्या सुमारास मितोमध्ये सामुराईंचे दोन गट आपसांत लढले. दोन्ही गट निष्ठेच्याच नावानं लढत होते. जे हरले त्यांच्या पुढाऱ्याची बायको आणि लहान मुलं, त्यांनासुद्धा मारून टाकलं. निष्ठा पुरुषांची, मान मात्र लेकरांची गेली. हे मोठ्या ग्रंथांत सापडत नाही. आई मुलीला सांगते तेव्हा सापडतं.

या किकुए शिकल्या होत्या त्सुदा उमेको यांच्या शाळेत. उमेकोंची गोष्ट तर वेगळीच. सामुराईची मुलगी, १८७१ साली सहा वर्षांची असताना सरकारनं तिला शिकायला अमेरिकेला पाठवलं. अशा पाच मुली होत्या, ही सर्वांत लहान. अकरा वर्षांनी परत आली तर स्वतःची भाषा विसरलेली. १९०० साली, म्हणजे नितोबेंचं पुस्तक निघालं त्याच वर्षी, तिनं तोक्योत मुलींसाठी शाळा काढली. पहिल्या वर्गात दहा मुली. नितोबे तिचे स्नेही होते. तिलाही सामुराई घरातली शिस्त मिळाली होती. ती तिनं मुलींना स्वतःच्या पायावर उभं करायला वापरली.

इथे आपल्या महाराष्ट्राचा खरा धागा जुळतो. १९०१ साली नारुसे जिंझो यांनी तोक्योत महिला विद्यापीठ सुरू केलं. बाईला आधी माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून, मग देशाची नागरिक म्हणून शिकवायचं, असा त्यांचा विचार. इथेही रांग बघा, माणूस आधी. त्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली. ती वाचून त्यांच्या मनातल्या कल्पनेला आकार आला आणि १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ उभं राहिलं, आजचं एस.एन.डी.टी. आपल्या कितीतरी मुली तिथे शिकल्या.

युद्धानंतर

१९४५ साली जपान हरला. त्याच वर्षाच्या शेवटी बायकांना मताचा हक्क मिळाला आणि एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत ३९ बायका संसदेत निवडून आल्या. १९४७ साली यामाकावा किकुए कामगार खात्यात महिला आणि मुलांच्या विभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या.

बुशिदो मात्र संपला नाही, त्यानं कपडे बदलले. कंपनीत रात्रंदिवस काम करणाऱ्याला कंपनीचा लढवय्या म्हणू लागले. धन्याच्या जागी कंपनी आली. मग कामाच्या ताणानं माणसं मरू लागली, त्याला करोशी असा शब्दच तयार झाला. नवरा कंपनीचा सामुराई, मग घर, मुलं, म्हातारी माणसं कोणाच्या डोक्यावर? उत्तर सांगायला नको.

पण चांगली निवड करणारेही होते. शिबुसावा एइइची हा शेतकऱ्याचा मुलगा, त्यानं १८७३ साली जपानची पहिली आधुनिक बँक उभी केली. त्यांचं म्हणणं, की एका हातात नीतीचा ग्रंथ आणि दुसऱ्या हातात हिशेबाची मणीपाटी, दोन्ही बरोबर हवीत. पैशाला हात लावणं हलकं, असं मानून सामुराई बुडाले होते. शिबुसावांनी त्यांची सचोटी घेतली आणि पैशाचा तिरस्कार सोडून दिला. आपण बचत गटवाल्या बायका, आपल्याला ही निवड पटायला वेळ लागत नाही.

जपानच्या नोटांची एक गंमत सांगते. १९८४ साली पाच हजार येनच्या नोटेवर नितोबेंचं चित्र आलं. २००४ साली तिथे हिगुची इचियो ही लेखिका आली. आणि २०२४ साली आल्या त्सुदा उमेको. त्याच वर्षी दहा हजारांच्या नोटेवर शिबुसावा आले. कोणाला वर ठेवायचं हे अजूनही निवडलंच जातंय.

आता आपल्या सतरंजीवर

मैत्रिणींनो, निष्ठा वाईट नाही. निष्ठेशिवाय गट चालत नाही, घर चालत नाही. दहा बायका एकमेकींच्या शब्दावर विश्वास ठेवतात म्हणून तर बँक आपल्याला दारात उभं करते. प्रश्न रांगेचा आहे. न्याय पुढे आणि निष्ठा मागे असेल, तर निष्ठा चुकणाऱ्याला सावरते. निष्ठा पुढे आणि न्याय मागे गेला, की तीच निष्ठा चूक झाकते, आणि झाकलेल्या चुकीचा हप्ता सगळ्यात गरीब बाई भरते.

म्हणून पुढच्या बैठकीत वसुली झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि या तीन प्रश्नांवर बोला.

पहिला, आपल्या गावात, आपल्या घरात, "ही आपली पद्धत आहे" असं कोण म्हणतं? त्या पद्धतीची किंमत कोण मोजतं?

दुसरा, रजिस्टरात काही चुकलेलं दिसलं, तर अध्यक्षताईंना वाईट वाटेल म्हणून आपण गप्प बसतो का? नितोबेंच्या पुस्तकातला चांगला सामुराई काय करायचा, आठवा. चूक दाखवायचा. आदरानं, पण तोंडावर.

तिसरा, घरासाठी आपल्या नावावर कर्ज उचलताना, पैसा कशासाठी, फेडणार कोण, हे विचारायची मुभा आपल्याला आहे का? ते कर्तव्य आहे की नुसतीच गिरी, म्हणजे लोक काय म्हणतील याची भीती?

आणि एक घरचा अभ्यास. किकुएंनी आईला विचारलं, म्हणून सामुराईंच्या घरातले चरखे आपल्याला कळले. तुमच्या घरात आजी असेल, सासू असेल, आत्या असेल, तर त्यांना विचारा. दुष्काळात घर कसं चालवलं, दागिना कधी मोडला, लग्नात काय सोसलं, कोणाला नाही म्हटलं. लिहिता येत असेल त्या मुलीनं लिहून घ्या. पेटी आपलीही आहे. ती उघडायचा हात आपलाही असू दे.